टेकचंदचा पळस अर्क

टेकचंदला मी आठवी ते दहावी विज्ञान शिकवलं. प्रयोगवहीत निरीक्षणाच्या जागी तो शेजाऱ्याचं निरीक्षण उतरवायचा. पन्नाशीतही खोड तीच.

देवरीच्या आठवडी बाजारात तो 'पळस अर्क' विकतो, शेळ्यांच्या पोटातल्या जंतांवर. अंगात पांढरा कोट. कशाला, ते त्यालाच ठाऊक. औषध खोटं असतं तर बरं होतं, एका दिवसात उघडा पडला असता. पण ते दुर्पताचं आहे. रानाकडच्या टोल्यावरची, म्हणजे छोट्या वस्तीवरची, ही बाई पळसाच्या बिया भिजवते, सालं काढते, कुटून गुळात घालून शेळ्यांना देते. सासूकडून शिकलेली. टेकचंदने तिच्या अंगणात बसून सारं मोबाइलवर घेतलं. शेवटी ती म्हणाली, आधी पोटाले हात लावून पाह्य, गाभण बकरीले देऊ नोको. तोवर साहेबांचा मोबाइल खिशात गेला होता.

मग त्याने टोल्यावर शिबिर भरवलं. दुर्पता मोहफुलं वेचायला गेलेली. सून भाग्यश्री, आपलंच औषध म्हणून, सातही शेळ्या घेऊन गेली. याने ओळीने सगळ्यांच्या घशात बाटली ओतली. तिसऱ्या दिवशी चार गाभण शेळ्यांपैकी दोन गाभडल्या, पोटातली पिल्लं गेली.

दुर्पता बाजारात त्याच्यासमोर उभी राहिली.

"तुले सांगतलं होतं ना?"

"माय, गरमीनं झालं असंल."

"गरमी माह्याच बकऱ्यायले लागली का? बाटलीवर लिव्ह, गाभणीले नाही म्हून."

"तसं लिहिलं तर घेईल कोण? आधी से ज़्यादा बकरियाँ तो गाभण ही रहती हैं."

भरपाईचं तिने नावही काढलं नाही. त्याच्या दुकानाला लागून रिकाम्या पोत्याचा बोरा अंथरला आणि बसली. कोणी बाटली उचलली की एकच विचारायची, "गाभण हाय का?" माणूस बाटली खाली ठेवायचा. टेकचंद आधी हसला, मग ओरडला, मग तिला चहा पाजून पाहिला. चहा तिने घेतला, हलली नाही.

चौथ्या बाजारी त्याच्या भोंग्यातून आलं, "गाभण बकरी को मत देना, टेकचंद का बरसों का तजुर्बा." बाटलीवर तसा शिक्काही. मला म्हणतो, "बाई, माझं संशोधन पाहा."

"कोणाच्या वहीतून उतरवलंस?" मी विचारलं.

तो बाटल्या पुसायला लागला.

दुर्पताने शिक्का नातवाकडून वाचून घेतला. बोरा झटकला, काखेत मारला. "आता बसून का करू? घरी वाचलेल्या दोघी बकऱ्या व्यायच्या हायेत," म्हणाली, आणि निघाली.