बॉक्सरची दुभाषी

माझा स्वभाव मुळातच संशयी. गाडीच्या मेकॅनिकपासून सख्ख्या दिरापर्यंत कुणाच्याही बोलण्यावर माझा पटकन विश्वास बसत नाही. ऐंशीच्या दशकात न्यू जर्सीत लढतीआधी डॉक्टर म्हणून बॉक्सरांना तपासायचं काम माझ्याकडे आलं, तेव्हा हा स्वभाव फार उपयोगी पडला. तिथे सगळेच थापा मारायचे. माझी सही झाली तरच माणूस रिंगमध्ये उतरणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

तो पोलिश बॉक्सर आला तेव्हा पस्तिशीला टेकला होता. मायदेशी त्याने हौशी स्पर्धांत पदकं मिळवली होती, पण पैशासाठी लढायची तिथे मुभा नव्हती, म्हणून इकडे आला. सुरुवातीला जिंकत गेला. मात्र गेल्या दोन्ही लढतींत तो आडवा झाला होता. उद्याची लढत टीव्हीवर दिसणार होती; ती हुकली तर याला पुन्हा कुणी बोलावणार नाही, असं त्याच्या मॅनेजरने मला दोनदा ऐकवलं. मी मॅनेजरला खोलीबाहेर काढलं आणि दुभाषी म्हणून बॉक्सरच्या बायकोला ठेवून घेतलं.

"डोकं दुखतं का?" मी विचारलं.

तिने पोलिशमध्ये विचारलं. त्याने जोरात नकारार्थी मान हलवली.

"हो म्हणतो," ती म्हणाली. "रोज सकाळी."

मी चमकले. नकार कळायला पोलिश यावी लागत नाही. "एकाचे दोन दिसतात?" पुन्हा त्याची मान तशीच हलली आणि पुन्हा तिचं शांतपणे "हो, कधी कधी." ही बाई नवऱ्याला बुडवायला निघाली होती. हिला कुणी फितवलं होतं का? की घरातलं भांडण इथे काढत होती? मी तिच्याकडे रोखून पाहिलं. तिने नजर वळवली नाही, पण कान लाल झाले.

मग मला माझे सासरे आठवले. आमच्या पार्सिपनीच्या घरी आले असताना हार्टच्या डॉक्टरसमोर ते मराठीत ठणकावून म्हणाले होते, "मला काहीही होत नाही." आणि मी गंभीर चेहऱ्याने इंग्रजीत सांगितलं होतं, की जिना चढताना यांच्या छातीत कळ येते.

"अगं, तू डॉक्टरला चक्क चुकीचं ट्रान्सलेट केलंस!" बाहेर आल्यावर नवरा चिडला.

"खोटं बाबा बोलले," मी म्हणाले होते.

तरीही माझा संशय जाईना. मी बॉक्सरला खुणेने सांगून नाकाला बोट लावायला लावलं, सरळ रेषेत चालवलं. जेमतेम जमलं. मग शर्ट घालायला सांगितलं. माझ्याशी बोलता बोलता बायकोने न बघताच त्याची बटणं लावायला घेतली आणि तो हात खाली सोडून उभा राहिला. हे त्यांचं रोजचंच असावं.

"थांबा. त्यांना लावू द्या."

पहिल्याच बटणाशी त्याची बोटं चुकत राहिली. मला त्या मॅनेजरचा भयंकर राग आला. फॉर्मवर मी 'अपात्र' लिहिलं. हा माणूस दुसरं काहीही शिकला नव्हता.

"सांगा त्यांना," मी बायकोला म्हणाले. ती त्याच्याकडे वळली.

"नको," तो स्वच्छ इंग्रजीत म्हणाला. "समजलं मला."

आम्ही दोघी त्याच्याकडे बघतच राहिलो.

"सहा वर्षं इथे राहतोय, डॉक्टर. सगळं समजतं. ती काय सांगत होती, तेही."

"मग तिला अडवलं का नाहीत?"

त्याने शर्टाच्या बाह्या नीट केल्या.

"माझ्याच्याने हो म्हणवत नव्हतं," तो म्हणाला.