वडिलांच्या रकान्यातलं नाव

नोकरीतल्या कितीतरी केसेस आता धूसर झाल्या आहेत, पण मुदखेडची ती मुलगी अजूनही डोळ्यांसमोर येते. इथं कुणाचंही खरं नाव दिलेलं नाही. उच्चारांचा घोळ मात्र होता तसाच ठेवला आहे.

हिवाळ्यातली दुपार होती. ठाण्यात पेंग आल्यासारखी शांतता पसरली होती. तेवढ्यात फोन वाजला.

"साहेब, स्टेशनामागच्या गल्लीत एक माणूस परदेशी पोर घेऊन राहून राहिला. पोरीचं आडनाव येगळं, त्याचं येगळं. पोर कुणाशी बोलत न्हाई. कायतरी काळंबेरं हाय."

नाव विचारताच फोन बंद झाला.

महिला हवालदारांना घेऊन मी गेलो. घर त्या माणसाच्या बहिणीचं होतं. तो चाळिशीचा, नाव विलास, जपानमध्ये दहा वर्षं कारखान्यात काम केलेला. सहा वर्षांची मुलगी ओट्यावर उन्हात बसून दूरच्या मालगाडीचे डबे आपल्या भाषेत मोजत होती. गाडी निघून गेली, तरी तिचं मोजणं सुरूच होतं.

मुलीचा पासपोर्ट जपानी होता. आडनाव 'मोरी'. हवालदारबाईंना हसू आवरेना.

"मोरी म्हणजे तिकडं राई, दाट झाडी," विलास म्हणाला. "तिच्या आईचं आडनाव हाय."

"आई कुठं आहे?"

त्यानं मुलीकडं पाहिलं आणि अगदी हळू सांगितलं, "वारली."

ठाण्यात आणून मी त्याचा जबाब घ्यायला बसलो. "लग्न रीतसर झालं म्हणता, मग मुलीला तुमचं आडनाव का नाही?"

"तिकडं तसंच असतंय, साहेब. परदेशी माणसाचं नाव घराच्या वहीत चढत न्हाई."

"मुलीच्या ताब्याबद्दल कोर्टाचा हुकूम?"

"तसा कागदच नसतोय."

खोटं बोलणाऱ्याकडं सहसा प्रत्येक प्रश्नासाठी कागद तयार असतो, हे मला अनुभवानं माहीत होतं. त्या दिवशी ते आठवलं नाही. त्याच्याजवळ जपानी अक्षरांचा एकच कागद होता आणि तो आमच्यापैकी कुणालाच वाचता येत नव्हता.

शेजारच्या खोलीत हवालदारबाईंनी मुलीला वडिलांचं नाव विचारलं. ती मोडकं मराठी बोलायची. तिनं स्पष्ट सांगितलं, "बिरासु." तीनदा विचारलं, तीनदा तेच. म्हणजे खरा बाप कुणी बिरासु आहे आणि हा माणूस मुलगी पळवून आणणारा, असा निष्कर्ष मी विलासला न विचारताच काढला. बालकल्याण समितीपुढं हजर करून मुलीला नांदेडच्या बालगृहात ठेवण्यात आलं. निघताना विलास तिच्या बुटाच्या नाड्या बांधायला खाली बसला. ते काम त्याला फार वेळ पुरलं.

"साहेब," सोबत आलेली त्याची बहीण एवढंच बोलली, "तिला बिनमिठाचा भात लागतो. तिथं सांगा."

दूतावासाला पत्र गेलं, पण उत्तराला वेळ लागणार होता. लातूरला एक बाई जपानी शिकवतात असं कळलं, म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळीच निघालो. रस्त्यावर धुकं होतं. शेतं, झाडं, माणसं अर्धवट दिसून विरत होती. आपण कुणाच्या तरी झोपेतून गाडी चालवतोय असं वाटत होतं, आणि त्या झोपेत ती मुलगी अजून डबे मोजत होती.

बाईंनी कागद उजेडात धरला. "ही त्यांच्या नगरपालिकेतली कुटुंबाची नोंद. जन्म, लग्न, मृत्यू, सगळं इथंच. पहिलं नाव पत्नीचं. पुढं 'वगळले' असं लिहिलंय आणि खाली मृत्यूची नोंद आहे. त्यानंतर मुलगी. आता या नोंदीत राहिलेली ती एकटीच."

"आणि नवरा?"

"परदेशी असल्यानं त्याला इथं स्वतंत्र जागा नसते. पत्नीच्या नोंदीत लग्नाची ओळ तेवढी आहे. पण मुलीच्या नोंदीत वडिलांचा रकाना आहे ना." त्यांनी बोट ठेवून एकेक अक्षर वाचलं. "बि... रा... सु."

मी खुर्चीतून उठलोच. "हा बिरासु कोण?"

"विलास की हो! त्यांच्यात 'ल' नाही, त्याचा 'र' होतो. 'व'चा 'ब' होतो. शेवटच्या 'स'ला त्यांना उकार लावावाच लागतो."

"आणि ताब्याचा हुकूम?"

"नवरा-बायकोतलं एक गेलं की दुसरा आपसूकच पालक. हुकूम कशाला लागेल?"

मी तिथूनच समितीला फोन लावला. पुढं दूतावासाकडूनही दुजोरा आला. चौथ्या दिवशी आदेश मिळाला.

बालगृहाच्या अंगणात मुलीनं वडिलांना पाहिलं. ती धावली नाही, रडलीही नाही. सावकाश चालत आली, त्याच्या पोटावर कपाळ टेकवलं आणि तशीच उभी राहिली. त्याचा हात तिच्या केसांवर होता. मी विलासची माफी मागितली.

तो म्हणाला, "तुम्ही तरी काय करणार, साहेब. मला बी तिकडली ही रीत कळायला दोन वर्षं लागली."

मला जे माहीत नव्हतं, ते मी त्याच्यावरचा संशय म्हणून नोंदवलं होतं. आपल्याकडं मुलाच्या नावापाठोपाठ बापाचं नाव येतं, तसं ते जगभर येतच असणार, असं मी गृहीत धरलं होतं. त्या माझ्या समजुतीपायी एका पोरक्या पोरीनं चार दिवस बापाविना काढले. हे मी अजून विसरलेलो नाही.

ताबा पावती मी स्वतः लिहिली. इतक्या वर्षांच्या सवयीनं हातून आधी 'संबंधित इसम' असं उतरलं. मी ते खोडलं, शेजारी सही केली आणि वर लिहिलं: वडील.