मधल्या जिन्यावरचा बिननावाचा डिव्हाइस

भुताखेतांचे किस्से मी आजवर फक्त जेवताना वेळ जावा म्हणून वाचत आलो, हे आधीच कबूल करतो. आणि वाचून झालं की बायकोला म्हणायचो, 'काय एकेक लोक असतात!' आता त्या लोकांत मीही आलो... मी बनारसला एका पॉलिटेक्निकमध्ये इलेक्ट्रॉनिक्स शिकवतो. सिग्नल आला म्हणजे तो कुठून तरी निघालेला असलाच पाहिजे, हे दरवर्षी वर्गात सांगतो. तेव्हा खालचं वाचून कुणाला तांत्रिक कारण सुचलं तर जरूर सांगा, मला ते मनापासून हवं आहे.

घराची रचना आधी समजून घ्या. मंगला गौरीच्या देवळाजवळ आमचं तीन मजली घर आहे, अरुंद आणि उंच. दोन-तीन पिढ्या आम्ही इथेच आहोत. वरच्या मजल्यावर मी आणि माझी बायको मंजुषा. मधल्या मजल्यावर स्वयंपाकघर आणि देवघर. खाली बाबांची खोली आणि मागचं दार. ते दार उघडलं की छोटीशी गल्ली, आणि गल्ली संपली की थेट घाटाच्या पायऱ्या. भिंती दगडी आणि इतक्या जाड की खालची हाक वर पोचत नाही.

त्यातून बाबांना ऐकू कमी येतं. आई होती तेव्हा अडचण नव्हती. ती मधल्या मजल्यावर, जिन्याच्या वळणावर उभी राहायची आणि खालचं वर, वरचं खाली पोचवायची. 'ते विचारतायत, चहा झाला का.' 'तो म्हणतोय, येतो.' बाबा गुपचूप कचोरी खायला निघाले तर तेही वर कळायचं. बाबा तिला चुगलखोर म्हणायचे आणि ती हसायची. दोन वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात आई गेली.

त्यानंतर बाबा विसरायला लागले. आधी चष्मा, मग नावं, मग कधी कधी आई गेली हेसुद्धा. पण गंगास्नान विसरले नाहीत. तांब्या घेऊन निघाले की निघाले. उन्हाळ्यात ठीक होतं, पण श्रावण-भाद्रपदात पाणी चढतं, पायऱ्या एकेक करून बुडतात, आणि काल जिथे पायरी होती तिथे आज धार असते. बाबांच्या डोक्यात मात्र सगळ्या पायऱ्या जागच्या जागी! कॉलेजात शिकवताना माझा अर्धा जीव मागच्या दाराशी असायचा.

मग मी माझ्या परीने उपाय शोधले. आधी ब्लूटूथचा पट्टा बाबांच्या मनगटात घातला. ब्लूटूथ म्हणजे एका खोलीतल्या गप्पागोष्टी. मधे आमची एक भिंत आली की संपलं. मग वाय-फायचा कॅमेरा आणला. वाय-फायला जोर असतो, पण वरचा राउटर खालपर्यंत धड पोचत नव्हता, आणि बाबांनी दुसऱ्याच दिवशी कॅमेऱ्यावर पंचा वाळत घातला. कॉलेजातल्या एकाने एनएफसीचं कार्ड सुचवलं. पण ते चालतं अगदी टेकवल्यावर. दाराबाहेर निघालेला माणूस आधी कार्ड टेकवून मग निघेल होय?

शेवटी झिग्बीवर आलो, तीही बिनतारीच पद्धत. छोटासा सेन्सर, दारावर बसतो, वर्षभर एका सेलवर चालतो. त्याचा आवाज बारीक असतो, पण मधे विजेवर चालणारा दुसरा झिग्बी डिव्हाइस असला की तो निरोप पुढे ढकलतो. निरोप घेऊन फोनला कळवणारा हब वरच्या मजल्यावर, सेन्सर मागच्या दाराला, आणि मधे जिन्याच्या वळणावरच्या सॉकेटमध्ये एक झिग्बी प्लग. तो प्लग काढला की दार उघडल्याचं वर कळत नाही, हे मी बसवतानाच तपासून पाहिलं होतं. लावला की फोन लगेच वाजतो. कितीतरी दिवसांनी मी निवांत झालो.

गौरीच्या सणाला सुमनमावशी आली, आईची धाकटी बहीण. आमच्याकडे गौरी मधल्या मजल्यावर, जिन्याच्या तोंडाशीच बसतात. जेवणाच्या दिवशी घरात नुसती धांदल होती. नदी चांगलीच वर आली होती, घाटावरच्या नावा पार वरच्या कड्यांना बांधल्या होत्या. बाबा सोवळं नेसून देवघरात बसले होते, आणि त्यांच्या मनगटात तो ब्लूटूथचा पट्टा नव्हता. एका खोलीपुरता का होईना, तो मी चालू ठेवला होता. सोवळ्यात ते तो काढून ठेवायचे. मला राहवेना. गर्दीत कुठे निघून गेले तर? मी पट्टा घेऊन गेलो आणि त्यांचा हात धरून बांधायला लागलो.

बाबांनी हात ओढून घेतला. "शिवलास. आता मला पुन्हा आंघोळ आली."

मी म्हटलं, खाली बाथरूममध्ये बादली भरलेली आहे, तिथेच करा. ते उठून जिन्याकडे वळले, मी ते होकारासारखं घेतलं. मंजुषा पुरणपोळ्या लाटत होती, मावशी तळणीशी होती, कुकरच्या शिट्ट्या चालल्या होत्या. मी केळीची पानं धुवायला गच्चीवर गेलो.

पानं पुसत होतो आणि फोन वाजला. 'मागचं दार उघडलं आहे.' पानं तिथेच टाकून मी तिन्ही जिने उतरलो. दार सताड उघडं. गल्लीत चिखल होता, मी एकदा पडलो. त्या तेवढ्या गल्लीत मी जितका घाबरलो तितका आई गेली तेव्हाही घाबरलो नव्हतो. तेव्हा निदान हॉस्पिटल होतं, माणसं होती.

बाबा शेवटच्या कोरड्या पायरीवर उभे होते, हातात तांब्या. पुढची पायरी पाण्याखाली, आणि पाणी गढूळ, ओढीचं. एक पाय उचललेला होता. मी मागून दंड धरला.

"पुन्हा शिवलास," बाबा म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "तुला कुणी सांगितलं मी इथे आलोय?"

"फोनवर आलं, बाबा. चला वर."

"फोन कशाला सांगेल? तीच सांगणार. चुगलखोर."

मला रडू आलं. आजार वाढलाय असंच वाटलं. त्यांना वर आणलं, गरम पाण्याने आंघोळ घातली, नैवेद्य झाला, पुरणपोळी त्यांनी चवीने खाल्ली. मी मात्र मनातल्या मनात झिग्बीचे आभार मानत होतो.

दुसऱ्या दिवशी गौरी हलल्या. मावशीने मुखवटे कापडात गुंडाळून ठेवायला आईची पत्र्याची पेटी उघडली, आणि आतून माझा झिग्बी प्लग काढून माझ्या हातात दिला.

मला काही कळेचना. मावशी सहजपणे म्हणाली, "अरे, गौरी यायच्या आदल्या संध्याकाळी मीच काढला. दिव्यांच्या माळेला जागा हवी होती. आणि देवीच्या पुढ्यात तो हिरवा डोळा लुकलुकत होता, बरं दिसेना. तुझी वस्तू हरवू नये म्हणून पेटीत ठेवला."

मी जिन्यावरच बसलो. अ‍ॅप उघडलं. प्लग गौरी यायच्या आदल्या संध्याकाळपासूनच 'ऑफलाइन' होता, सणाच्या गडबडीत मी बघितलंच नव्हतं. म्हणजे बाबा निघाले तेव्हा मधे काहीच नव्हतं. सॉकेटमध्ये साधी दिव्यांची माळ, आणि प्लग पेटीत, विजेशिवाय.

मी लगेच दार उघडून पाहिलं. फोन गप्प. बंद केलं, पुन्हा उघडलं. गप्प. मंजुषाला दाराशी उभं केलं, मी हबजवळ थांबलो. गप्पच. माळ लावून पाहिली, काढून पाहिली. दमट हवेत काही फरक पडतो का म्हणून पुढे पावसातही पाहिलं. एकदाही, अगदी एकदाही निरोप वर आला नाही. शेजाऱ्यांचा एखादा डिव्हाइस? पण दुसऱ्याचा डिव्हाइस माझ्या नेटवर्कमध्ये असा घुसत नाही, त्याला किल्ली लागते, आणि ती माझ्या हबजवळ आहे. शिवाय आमचे शेजारी अजून दिवासुद्धा हातानेच लावतात.

मग मी अ‍ॅपमधला नकाशा उघडला. कुठला निरोप कुणाच्या हातून आला ते त्यात दिसतं. मागच्या दाराच्या शेवटच्या निरोपाची रेघ थेट हबला जात नव्हती. मधे एक डिव्हाइस होता, दोघांच्या बरोबर मधे. नाव नाही. कंपनीच्या जागी काही नाही. प्रकार – निरोप पुढे देणारा. सिग्नल – चांगला. त्याने आजवर पुढे दिलेला निरोप एकच.

मी तो मंजुषाला दाखवला. तिने तो बोटांनी मोठा करून पाहिला आणि स्वयंपाकघरात गेली. मावशीला मी सांगितलं नाही. बाबांना काय सांगणार? त्यांनी मला घाटावरच सांगितलं होतं.

आता प्लग परत जिन्यावर आहे, आणखी एक जास्तीचा लावलाय, मागच्या दाराला वरून कडी बसवली आहे. काळजी गेलेली नाही, पण ती आधीसारखी एकट्याची वाटत नाही. कारण मला माहीत नाही, आणि जे माहीत नाही त्याला मी नाव देणार नाही. अ‍ॅप मात्र अधूनमधून विचारतं – 'हा डिव्हाइस बऱ्याच दिवसांपासून उत्तर देत नाही. काढून टाकायचा का?'

मी दर वेळी 'नंतर' दाबतो.