अक्कांचं नाक आणि जवसाची बाटली

तेलाच्या कारखान्यात इतकी वर्षं काढली, पण आम्हा वास तपासणाऱ्या बायकांचे केस कायम कोरडे! वास तपासायच्या खोलीत डोक्याला तेल नाही, अंगाला पावडर नाही, सुवासिक साबणही नाही. हा नियम अक्कांचा, आमच्यातल्या सगळ्यात जुन्या तपासनिसांचा. मी पहिल्याच दिवशी मनगटाला अत्तर लावून आले, तर त्यांनी मला दारातूनच पिटाळलं. अस्सा राग आला होता! पण पुढे वास घ्यायला शिकवलं तेही त्यांनीच. निळ्या काचेचा पेला तळहातात धरून उबवायचा, झाकण सारायचं आणि हलका श्वास घ्यायचा. पेला निळा अशासाठी, की तेलाचा रंग बघून कुणी थापा मारू नयेत. आज माझं घर चालतं ते या शिकवणीवर, आणि हे मी कधी विसरायची नाही.

पलीकडच्या टेबलावर आमचे केमिस्ट, टेकडीदादा. त्यांचं यंत्र तेलातली द्रव्यं वेगळी करून कागदावर टेकड्या काढतं, म्हणून हे नाव. त्यांचं आणि अक्कांचं रोज वाजायचं.

"अक्का, तेल म्हणजे जवळजवळ सगळी मेदाम्लंच," दादा म्हणायचे. "वास येतो तो त्यातल्या कणभर, उडून जाणाऱ्या द्रव्यांचा. तिळात ती भाजल्यावर तयार होतात, धन्यात मुळातच असतात."

"असतील. पण वास आला की तुमच्या टेकडीला भूक लागते का?"

मग अक्कांना ताप आला. ताप गेला, तो नाक घेऊनच गेला. कामावर परतल्या, पेला हुंगला आणि खाली ठेवला.

"पाणी हुंगल्यासारखं वाटतंय गं," मला म्हणाल्या.

साहेबांनी सांभाळून घेतलं, पण नव्या हंगामाचं बी येईपर्यंतच. तोवर नाक परतलं नाही, तर अक्कांनी डबे भरायच्या विभागात जायचं. अक्का हूं की चूं न करता हो म्हणाल्या.

तेव्हा टेकडीदादांनी काय करावं? रोज सकाळी छोट्या बाटल्या घेऊन ते अक्कांसमोर बसू लागले. एकेक बाटली नाकाखाली धरायची आणि सांगायचं, "हे तीळ. आठवा, कढई तापलीये, तीळ तडतडतायत. आता हुंगा." अक्का हुंगायच्या आणि नकारार्थी मान हलवायच्या.

"दादा, तुमचं काम खोळंबतंय."

"माझं यंत्र कुठे पळून जातंय?"

गोदामात नवं बी उतरू लागलं, आणि त्याच आठवड्यात दादांच्या हातून चूक झाली. ताज्या जवसाऐवजी त्यांनी खिडकीत, उन्हात विसरलेली जुनी बाटली उचलली. जवसाच्या तेलाला हवा आणि ऊन सोसत नाही. त्यातली मेदाम्लं लवकर मोडतात आणि तेलाला जुन्या रंगाच्या डब्यासारखा वास मारतो. दादांना त्या दिवशी सडकून सर्दी, त्यामुळे त्यांना पत्ताच नाही.

"हे जवस," ते म्हणाले. "अगदी ताजं. आठवा..."

"शी!" अक्कांनी तोंड फिरवलं. "ताजं कसलं डोंबलाचं? खवट आहे हे!"

आपण काय बोललो ते अक्कांच्या ध्यानात यायला एक क्षण लागला. मग त्यांनी दादांच्या हातून बाटली ओढून घेतली, पुन्हा हुंगली, तोंड वाकडं केलं आणि ढसाढसा रडायला लागल्या. मीही रडले.

"फार उपकार झाले हो, दादा," त्या म्हणाल्या.

दादा ओशाळले. "अहो, द्या ती इकडे. फेकून देतो."

"हात तर लावून बघा!" अक्का म्हणाल्या, आणि ती घाण बाटली त्यांनी पुन्हा नाकाशी नेली.