उलट्या बादलीवरच्या मॅडम

नवापूरजवळच्या आमच्या पोल्ट्रीवर सल्ला द्यायला महिन्यातून एकदा मॅडम येतात. मी खुर्ची पुसून ठेवतो आणि त्या खाद्याची बादली उलटी करून तिच्यावर बसतात. फी मी देतो, पण पहिला प्रश्न मला कधीच नसतो. "मावशी, तुमले काय वाटस?" असं शेड झाडणाऱ्या मावशींना विचारतात आणि उत्तर येईपर्यंत थांबतात. मावशींना उत्तर द्यायची घाई नसते. मी मध्ये बोललो, तर मॅडम माझ्याकडे न बघता पेनाचं टोपण माझ्या दिशेनं धरतात. मी गप्प होतो. हे माझ्या घरात अजून कुणाला जमलेलं नाही.

गेल्या खेपेला अंडी कमी झाली होती. पडदे खाली राहिल्यानं शेड तापली, म्हणून सकाळीच मी मावशींना शेडवरच्या सगळ्या कामगारांसमोर झापलं होतं. मॅडमनी वही चाळली.

"थंडीमा पडदा खाले ठेवानं मीच सांगेल व्हतं. ऊन वाढनं तरी मन्हा ध्यानमा उनं नही. चूक मन्ही शे."

एवढं बोलून त्या उठल्या आणि बादली पायानं माझ्याकडे सरकवली. मी बसलो.

"मावशी, सकाळी मी उगाच वरडनू."

मावशींनी नेहमीसारखा वेळ घेतला. "तुम्ही वरडनात तव्हा सर्वा व्हतात," त्या म्हणाल्या. "आते दोन जनी कमी शेतस."

मॅडमनी टोपण दाराकडे केलं. मी बाहेर कामाला गेलेल्या त्या दोघींना बोलवायला गेलो.