लंबक थांबवलेला रविवार

गोष्टी सांगण्यात माझा हात धरणारा कुणी नाही, हे तुम्ही ऐकून असाल. नसाल तर मीच सांगतो. लग्नाची पंगत असो, डॉक्टरांचा दवाखाना असो — मला चार माणसं द्या, पाचवं आपणहून येऊन बसतं. पण एक गोष्ट अशी आहे, की ती सांगायला म्हणून तोंड उघडतो आणि ऐनवेळी दुसरीच सांगून हशा घेतो. वीस वर्षं हेच चाललंय. बायकोलासुद्धा ठाऊक नाही. आज तुमचा चेहरा मला दिसत नाही, तेवढ्या आधारावर सांगतो.

सुरुवात चांगली आहे. ती तरी रंगवून सांगू द्या.

चिंचपोकळी स्टेशनाकडे जाणाऱ्या रस्त्यावर नानांचं घड्याळं दुरुस्त करायचं दुकान होतं. दिवस संयुक्त महाराष्ट्राचे. आठवडाभर सभा, मोर्चे, घोषणा — परळ-लालबागचा घसा बसलेला. रविवारी मात्र गिरण्या बंद, भोंगे बंद. सकाळी दहाच्या सुमाराला नाना दुकानाची एकच फळी काढायचे आणि आम्ही पाच-सहाजण तिरके होऊन आत शिरायचो. मी गिरगावातून ट्रामने यायचो. नानांकडे चावीचा ग्रामोफोन होता. पण तबकडी लागण्याआधी दोन गोष्टी व्हाव्याच लागत.

पहिली — प्रत्येकाने सांगायचं, सध्या कानात काय आहे. म्हणजे या आठवड्यात काय ऐकलं, कशाने पिच्छा पुरवलाय. रेडिओ कुणाकडेच नव्हता. वरळीच्या बीडीडी चाळीतून कांबळे यायचा. तो त्यांच्याकडे नव्याने बसवलेल्या बुद्धवंदनेची चाल हळूच म्हणून दाखवायचा. आणि मी? गिरगावातल्या मांडवाबाहेर फुटपाथवर बसून ऐकलेली मैफल मी अशी सांगायचो, की बुवांच्या हातातला रेशमी रुमालसुद्धा दिसावा. बुवा मला स्वतःला दिसलेले नसायचे. पण गोष्टीत रुमाल हवा की नको?

दुसरी गोष्ट — नाना उठायचे आणि भिंतीवरच्या एकेका घड्याळाचा लंबक बोटाने थांबवायचे. टिकटिक गाण्यात येऊ नये म्हणून. अकरा घड्याळं होती. एकेक गप्प होत जायचं, आणि शेवटचं थांबलं की जे व्हायचं — काय सांगू? पाण्याखाली डोळे उघडलेत कधी? तसं. फळीतून आलेली उन्हाची पट्टी, तिच्यात सावकाश फिरणारी धूळ, अकरा घड्याळांत अकरा निरनिराळ्या वेळा — आणि मग कर्ण्यातून एखाद्या बाईंचा आवाज, दूरच्या खाडीवरून आल्यासारखा. अजून कधी दुपारी डोळा लागला, की मी तिथेच असतो.

आता घाडीदादा.

मालवणकडचे. राहायला लालबाग, नोकरी परळच्या एका गिरणीत, साचेखात्यात — जिथे शेकडो साचे, म्हणजे माग, एकदम धडधडतात तिथे. चाळिशी गाठलेले, सडपातळ, चाळीतल्या भजनात मृदंगाला. बसायचे ते कर्ण्याच्या अगदी तोंडाशी. पाळी आली की म्हणायचे, "माझो दोन नंबरचो साचो सध्या भूपात आसा." आणि थोडं थांबून, "मंगळवारी पट्टो सैल झालो, तसो सा उतरलो."

झालं. सगळे त्यांच्याकडे वळायचे. कुठला साचा, कसला पट्टा, लोखंडात भूप कसा येतो — प्रश्नांवर प्रश्न. मी आपला बुवांचा रुमाल हवेत धरून बसलेला.

हसू नका. एवढ्याशा गोष्टीवरून माणसं काय काय करतात, तुम्हाला माहीत आहे.

एका रविवारी नानांच्या हातून पितळेचं चाक घाडीदादांच्या पाठीमागे पडलं. खणखणत फरशीवर गोल फिरलं. आम्ही सगळे दचकलो. घाडीदादा हलले नाहीत. म्हणजे — बहिरे! बहिरा माणूस इथे बसून साच्यातले राग सांगतो, माना डोलावतो, आणि आमची वाहवा घेऊन जातो! मला आनंद झाला. हा शब्द बदलून पाहिला मी पुष्कळदा. दुसरा बसत नाही.

पुढे नाना सत्याग्रहात गेले आणि त्यांना अटक झाली. जाताना दुकानाची किल्ली माझ्या हातात दिली. घड्याळांना चाव्या देत जा म्हणाले, आणि रविवार मोडू नका.

रविवार मी मोडला नाही. घाडीदादा यायच्या आधी बाकीच्यांना माझा बेत सांगितला — आज मुकी तबकडी लावायची, आपण फक्त डोलायचं, बघू काय करतात. एक-दोघं हसले. कांबळे म्हणाला, "माणूस येतो, बसतो. तुझं काय जातं रे?" मी म्हटलं, गंमत. तो उठला आणि फळीतून निघून गेला. मला अडवणारा एवढा एकच होता, आणि तो गेल्यावर मला जरा मोकळंच वाटलं.

मग मी नानांसारखे सगळे लंबक थांबवले. चावी भरली. तबकडी फिरायला लागली. सुई टेकवल्याचं नाटक केलं, पण टेकवली नाही — केसभर वर, हातानेच तोलून धरली. डोळे अर्धवट मिटले, दुसऱ्या हाताने मांडीवर सम दाखवायला लागलो. नाटक मला येतंच.

घाडीदादांनी कानामागे तळहात धरला. पुढे झुकले. आणखी झुकले. मग आमचे चेहरे पाहिले — एकेक करून, सावकाश. मग कर्ण्यात पाहिलं, विहिरीत पाहतात तसं. आणि मग सरळ बसले, आणि माझ्या मांडीवरच्या हाताकडे बघत मान डोलवायला लागले. समेवर, अगदी बिनचूक.

तबकडीची एक बाजू तीन मिनिटांची असते. अकरा घड्याळं बंद असताना तीन मिनिटं किती असतात, माहीत आहे?

संपल्यावर ते "वा" म्हणाले. चपला घातल्या आणि गेले. कुणी हसलं नाही. घड्याळं चालू करायची राहून गेली.

इथवरचं तिथे बसलेल्या आणखी तिघांनीही पाहिलं आहे. पण इथवर नुसती खोडी आहे — वाईट, पण खोडीच. पुढचं फक्त मला माहीत आहे.

तिसऱ्या दिवशी पाळी सुटल्यावर घाडीदादा गिरगावात माझ्या चाळीखाली आले. केसांत कापूस तसाच होता. मला जिन्याच्या कोपऱ्यात घेतलं आणि म्हणाले, "खरां सांग. ती तबकडी वाजत होती मा?"

का विचारतात, तेही मग त्यांनीच समजावून सांगितलं. साचेखात्यात कानाने कुणी बोलत नाही. ओठ बघायचे, बोटं बघायची. वीस वर्षांत सवय अशी जडली, की समोरच्याचं बोलणं आपण ऐकलं की पाहिलं, हे त्यांचं त्यांनाच कळेना. बायको हाक मारते ती ऐकू येते, की दिसते? मृदंग कानात वाजतो, की तळहातात? कर्ण्याला मात्र ओठ नाहीत. म्हणून ते दर रविवारी येत — आपले कान अजून आहेत का, ते बघायला. सुताएवढं बारीक गाणं यायचं. पण यायचं. या रविवारी सूतसुद्धा आलं नाही.

म्हणजे ते बहिरे नव्हते. पुरते नव्हते. आणि ढोंगीही नव्हते.

एक वाक्य बोलायचं होतं मला. सुई वर होती. चार शब्दसुद्धा नाहीत. पण मग विचारलं असतं — का? त्या 'का'चं उत्तर त्या चेहऱ्यासमोर द्यायचं मला जमेना. मी म्हणालो, "वाजत होती, दादा. चांगली खणखणीत." आणि एवढ्यावर थांबलो का? नाही हो. गोष्टीत रुमाल हवा ना! बाईंनी अंतरा कसा उचलला, दुसऱ्या आवर्तनात निषाद कसा लांबवला, माझ्याच डोळ्यांत कसं पाणी आलं — सगळं सांगितलं. ते माझ्या ओठांकडे एकटक बघत होते. इतका चांगला मी आयुष्यात दुसऱ्यांदा बोललो नाही.

ते म्हणाले, "बरां झालां. कळलां तरी." माझ्या खांद्यावर थोपटलं आणि ट्रामकडे चालायला लागले.

त्यानंतर ते नानांकडे आले नाहीत. बाकीच्यांना वाटलं, रागावले. मीही तसंच म्हणत राहिलो. भजनातलं बसणं त्यांनी सोडलं. मृदंग गावच्या देवळात देऊन टाकला, असं कळलं. नाना सुटून आल्यावर कुणीतरी त्यांना खोडी सांगितली. नाना मला म्हणाले, जा, पाय धर त्यांचे. दोन दिवसांनी मी सांगितलं — धरले.

मग महाराष्ट्र झाला. त्या सकाळी लालबागला मिरवणूक होती. गुलाल, लेझीम, गॅलऱ्यांत माणसंच माणसं. गर्दीत मी ढकलला गेलो तो नेमका घाडीदादांच्या शेजारी. केस पिकलेले. मला ओळखून इतके खूश झाले, की माझा हात सोडेनात. नोकरी चालू होती. साच्याला कान लागत नाहीत, म्हणाले. मग माझ्या तोंडाजवळ तोंड आणून, लाजल्यासारखे सांगायला लागले, "हल्ली भास होतत रे. भोंगो वाजता असां वाटतां. आता ढोल वाजता असां वाटतां. मी लक्ष देत नाय. लोक म्हणतले, घाडी खुळावलो."

ढोल वाजत होता. वीस पावलांवर.

लेझीम पुढे गेली, मागची गर्दी रेटत आली, आणि मी त्यांच्या पाठीमागे दाबला गेलो. माझं तोंड त्यांच्या उजव्या कानापाशी आलं — माझे ओठ त्यांना दिसणार नाहीत असं. ढोल क्षणभर थांबला होता. मी म्हणालो, "दादा, ती तबकडी वाजत नव्हती."

मोठ्याने म्हणालो. शपथेवर सांगतो, मोठ्याने.

ते वळले. माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं. "कायतरी बोललंस?"

मी मान हलवली. नाही.

"बघ," ते हसून म्हणाले, "असां होतां." आणि पुन्हा मिरवणुकीकडे तोंड करून उभे राहिले.