रिकाम्या शेगावातून मी उठवलेली बाई

लग्नाच्या फोटोग्राफरला एक रोग असतो. समोर माणूस दिसला की त्याला सरकवायचं. "मावशी, जराशा मागं. मामा, पोट आत." लॉकडाऊनमध्ये लग्नं बंद पडली, रोग काही गेला नाही.

एका सकाळी दूध आणायच्या बहाण्यानं निघालो. हातात किटली, पिशवीत कॅमेरा. शेगावात मंदिराकडे जाणारा रस्ता, जिथं एरवी धक्का खाल्ल्याशिवाय पुढं जाता येत नाही, तो उघडा पडला होता. बंद शटर, लॉजच्या पाट्या, मधोमध पसरलेलं एक कुत्रं. आणि भिंतीला टेकून बसलेली हारवाली. समोर टोपली, टोपलीत एक फूल नाही.

उजेड बघायला मी एक क्लिक मारला आणि सवयीनं ओरडलो, "काकू, बाजूले व्हा. फोटोत येऊन राह्यल्या तुमी."

"काऊन?"

"रिकामं गाव दाखवाचं आहे."

"मंग मी काय भूत आहो? जागा राखून राह्यली मी. उठली का दुसरं कोनी बसते इथं."

"कोन बसते आता? माणूसच नाही गावात. दोन मिनिटं फक्त!"

गावातल्या एकुलत्या एका माणसाला हे तोंडावर सांगणारा शहाणा मीच. ती बडबडत उठली. कुत्रं उठलं नाही, म्हणून फोटोत कुत्रं आहे.

फोटो मोबाइलवर गावोगाव फिरला. पुण्याच्या मेव्हणीनं लिहिलं, "किती शांत, किती सुंदर!" मी आठवडाभर फुगून हिंडलो.

गाव उघडलं तेव्हा त्या रस्त्यावरच्या दुकानदारांनी तोच फोटो दाराएवढा फ्लेक्स करून नेमका तिच्या भिंतीवर ठोकला. 'असाच ठेवू आपला रस्ता!' खाली ठळक अक्षरांत माझं नाव. हारवालीची टोपली पार नालीच्या काठावर गेली होती.

मला पाहून ती म्हणाली, "झाले काय रे तुये दोन मिनिटं?"

फ्लेक्स ठोकणाऱ्यांत पुढं असलेल्या पेढेवाल्याकडे मी तणतणत गेलो. तो हसून म्हणाला, "भाऊ, तुमच्याच फोटोत पाहा ना. हाय का तिथं कोनी बसलेलं?"

डोकंच फिरलं माझं. जो दिवस लोकांनी दाराला कड्या लावून, जीव मुठीत धरून काढला, तो या लोकांना परत हवा होता, वरून सजवून! "मंग पेढे काय त्या कुत्र्याले विकता?" मी ओरडलो. बाजारात माझा आवाज फुकट गेला.

घरी येऊन तो उजेड बघायचा क्लिक शोधला. रस्ता तोच, कुत्रं तेच, आणि भिंतीशी ती, माझ्याकडे डोळे वटारून. तेवढाच मोठा फ्लेक्स केला आणि पहिल्याशेजारी स्वतः खिळे ठोकून लावला. गिऱ्हाईकं जमली. "अबे, हे तं आपली हारवाली!" पेढेवाला म्हणाला, "उतरवा तो." म्हटलं, "उतरले तं दोन्ही उतरतीन." गर्दी हसायला लागली, तसे दोन्ही उतरले.

हारवाली टोपली घेऊन भिंतीशी आली. स्वतःचा फोटो बराच वेळ निरखून म्हणाली, "पदर तं नीट घेऊ द्याचा होता!" मग तो दोरीनं वर ताणून सावली केली. रिकाम्या गावाचा खाली अंथरला आणि त्यावर ऐसपैस मांडी घालून बसली. नेमकी माझ्या नावावर.